महासाथीत परदेशी सहल ठरवायची, तर आधी परतीचं पाहा

१९ सप्टेंबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांमधल्या दुरुस्त्या लागू झाल्या. त्यात 'महासाथ आणीबाणी' अशी एक नवी पायरी आहे: साधी आरोग्य आणीबाणी जाहीर केल्यानंतरही परिस्थिती हाताबाहेर जात असेल, तर जगाला आणखी मोठ्याने सावध करण्यासाठी. बातमी आली आणि दोन दिवसांत विस्मरणातही गेली. पण २०२० ते २०२२ या काळात ज्यांची परदेशी सहल अडकली, बुडाली किंवा अर्धवट राहिली, त्यांच्या मनात एक प्रश्न नक्की आला असेल. पुन्हा असं झालं तर आपण करायचं काय?

त्या काळातले प्रवासाचे नियम बहुतेकांना निव्वळ लहर वाटले. आज चाचणी हवी, उद्या नको. ही लस चालते, ती नाही. आज सुरक्षित म्हणून हिरव्या यादीत असलेला देश परवा पिवळ्यात. लहरीपणा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. तरी त्या नियमांमागे एक रचना होती आणि ती समजून घेता येते. समजली, की सहलीचा विचार उलट्या बाजूने करावा लागतो हेही लक्षात येतं. कुठे जायचं हा पहिला प्रश्न उरत नाही. परत कसं यायचं, आणि परत येता आलं नाही तर किती दिवस व किती पैसे लागतील, हा पहिला प्रश्न होतो.

नियम ठरवतं कोण?

जागतिक आरोग्य संघटना ठरवते, असा एक सर्वसाधारण समज आहे. तसं नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम हा १९६ पक्षांचा करार आहे आणि त्याखाली संघटना देशांना शिफारशी करू शकते. सीमा उघडी ठेवायची की बंद करायची, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. ३० जानेवारी २०२० रोजी संघटनेने कोविडबाबत जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तेव्हा प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. तरीही पुढच्या काही आठवड्यांत एकामागून एक देशांनी दारं लावून घेतली.

त्यामुळे एका सहलीवर एकाच वेळी तीन-चार सरकारांचे नियम लागू होतात. तुमचा देश तुम्हाला बाहेर जाऊ देतो का आणि परत कोणत्या अटींवर घेतो; जिथे जायचं तो देश आत घेतो का; आणि मधल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल, तर तो देश तेवढा वेळ तरी थांबू देतो का. यातला एकही नियम दुसऱ्या देशाला विचारून केलेला नसतो.

'व्हिसा आहे ना हातात?' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. मार्च २०२० मध्ये भारताने मोजके अपवाद वगळून आधी दिलेले सगळे व्हिसा स्थगित केले, आणि इतर देशांनीही कमीअधिक हेच केलं. बाहेर जाण्याचा हक्कही गृहीत धरता येत नाही. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० पासून स्वतःच्याच नागरिकांना विशेष सवलतीशिवाय देश सोडायला मनाई केली, आणि ही मनाई लसीकरण पूर्ण झालेल्यांसाठी १ नोव्हेंबर २०२१ ला उठली.

पासपोर्टपेक्षा तुमचा मुक्काम महत्त्वाचा

नेहमीच्या दिवसांत इमिग्रेशनचा अधिकारी पाहतो ते तुमचं नागरिकत्व. महासाथीत त्याच्याआधी आणखी एक प्रश्न येतो: गेल्या १४ दिवसांत तुम्ही कुठे होतात? अमेरिकेने २०२० मध्ये युरोपातल्या अनेक देशांमधून येणाऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा ती 'तिथे नुकत्याच राहिलेल्या' परदेशी लोकांवर होती. म्हणून काही प्रवासी तिसऱ्या एखाद्या देशात १४ दिवस काढून मग अमेरिकेत गेले. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी भारतातून येणारी प्रवासी वाहतूक थांबवली, तेव्हाही इतर मार्गाने येणाऱ्यांसाठी अट हीच होती, की मधले १४ दिवस भारताबाहेर घालवलेले असावेत.

एका सहलीत तीन देश उरकण्याचा बेत इथेच कोसळतो. पहिल्या देशातला मुक्काम दुसऱ्या देशात तुमच्या विरोधात मोजला जाऊ शकतो. स्वस्त मिळालं म्हणून दोन ठिकाणी विमान बदलणारं तिकीट घेतलं, तर त्या दोन्ही देशांचे नियम अंगावर येतात. महासाथीच्या काळात एक देश आणि थेट विमान, यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी ते योग्य जागी गेले, असं माझं ठाम मत आहे.

निगेटिव्ह अहवाल असूनही बंदिस्त का?

हा त्या काळातला सर्वांत संतापजनक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर विषाणूच्या वेळापत्रकात आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ कोविडच्या पहिल्या रूपात सरासरी पाच दिवसांचा होता, आणि ज्यांना लक्षणं येणार त्यातल्या जवळपास सगळ्यांना ती बाराव्या दिवसापर्यंत येत. त्यावर थोडी जादा मोकळीक धरून १४ दिवस आले. पहिल्या एक-दोन दिवसांत शरीरात विषाणू इतका कमी असतो, की चाचणीत तो सापडतच नाही. म्हणजे विमानात बसण्याआधी निगेटिव्ह असलेला माणूस उतरल्यावर चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि यात प्रयोगशाळेची काहीच चूक नसते. म्हणूनच अनेक देशांनी निघण्याआधी एक आणि पोचल्यावर काही दिवसांनी पुन्हा एक चाचणी ठेवली. क्वारंटाइन म्हणजे संसर्ग झालेला असू शकतो म्हणून वेगळं राहणं. ते निरोगी दिसणाऱ्यांसाठीच असतं.

याची उलटी बाजू बरं झालेल्यांना छळते. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे शोधते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगत नाही. चोर निघून गेला तरी अंगणात त्याच्या पावलांचे ठसे राहावेत, तसे हे तुकडे माणूस पूर्ण बरा झाल्यावरही काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत सापडतात. अशा माणसाने सहलीच्या तोंडावर चाचणी केली, की अहवाल पॉझिटिव्ह येतो आणि विमान चुकतं. अमेरिकेने यावर एक वाट ठेवली होती: गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र. सगळ्याच देशांत अशी सोय नव्हती. नुकतंच आजारपण होऊन गेलं असेल, तर तिकिटाच्या आधी ही तरतूद शोधावी.

७२ तास कुठून कुठपर्यंत?

'निघण्याआधी ७२ तासांतला अहवाल' हे वाक्य सोपं वाटतं. प्रत्यक्षात विमानं चुकली ती याच वाक्यामुळे. हे तास अहवाल हाती आल्यापासून मोजत नाहीत, नाकातून नमुना घेतल्यापासून मोजतात.

समजा विमान रविवारी पहाटे ३ वाजता सुटतं. तुम्ही गुरुवारी सकाळी ८ वाजता नमुना दिला, तर सुटण्याच्या वेळी ६७ तास होतात. ठीक. आता विमानाला सहा तास उशीर झाला. रविवारी सकाळी ९ वाजेपर्यंत ७३ तास झाले, आणि अहवाल शिळा. किंवा नियम 'पोचण्याआधी ७२ तास' असा आहे, आणि वाटेत विमान बदलून तुम्ही, तुमच्याच घड्याळाप्रमाणे, रविवारी संध्याकाळी ६ ला उतरता. मग गुरुवारी सकाळी दिलेला नमुना मुळातच चालणारा नव्हता. तो गुरुवारी संध्याकाळी ६ नंतर द्यायला हवा होता. पण मग प्रयोगशाळेने शनिवारी रात्रीपर्यंत अहवाल दिला पाहिजे. दोन्ही बाजूंनी चेपलेली ही एवढीच फट असते. नमुना तिच्या मध्यावर द्यावा, आणि अहवाल किती तासांत मिळतो हे प्रयोगशाळेला आधी विचारून ठेवावं.

अमेरिकेने २०२१ च्या जानेवारीत तासांऐवजी 'तीन दिवस' असं लिहिलं, ते चाचणीच्या नेमक्या वेळेवर अडून कोणी अडकू नये म्हणूनच. पुढे ओमिक्रॉन आल्यावर, ६ डिसेंबर २०२१ पासून, ते तीन दिवस एकावर आले.

हे सगळं तपासतो कोण? इमिग्रेशनच्या आधी चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर असते, अनेक देशांत वर दंडही बसतो. त्यामुळे कंपन्या टायमॅटिक नावाच्या, नियमांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत पाहूनच बोर्डिंग पास देतात. तिथे तुमचा कागद बसला नाही, तर 'दूतावासाने चालेल म्हणून सांगितलं होतं' या वाक्याचा काउंटरवर उपयोग नाही. असं उत्तर ईमेलवर घ्यावं, त्याची प्रत जवळ ठेवावी.

लस घेतली आहे, मग काय अडचण?

अडचण तीन ठिकाणी येते. लस मान्य आहे का, प्रमाणपत्र मान्य आहे का, आणि त्याची मुदत चालू आहे का.

मान्यतेचा गोंधळ भारतीय प्रवाशांनी जवळून पाहिला. १ जुलै २०२१ ला युरोपीय संघाचं डिजिटल कोविड प्रमाणपत्र सुरू झालं, तेव्हा सदस्य देशांवर बंधन होतं ते युरोपीय औषध संस्थेने मंजूर केलेल्या लसींपुरतंच. कोविशील्ड त्या यादीत नव्हती; काही देशांनी ती आपापल्या अधिकारात स्वीकारली. सप्टेंबरमध्ये ब्रिटनने कोविशील्ड मान्य केली, पण भारतात लस घेतलेल्यांना तरीही क्वारंटाइन ठेवलं, कारण आता प्रश्न प्रमाणपत्राचा होता. उत्तर म्हणून भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचं क्वारंटाइन लावलं. ११ ऑक्टोबरला ब्रिटनची अट उठली. या तीन आठवड्यांत ज्यांची तिकिटं होती, त्यांनी दोन सरकारांच्या ओढाताणीची किंमत मोजली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मंजुरीसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं.

मुदतीचं म्हणाल, तर शेवटच्या मात्रेनंतर १४ दिवस जावे लागत, आणि फेब्रुवारी २०२२ पासून युरोपीय संघात प्रवासासाठी बूस्टरआधीच्या मूळ लसीकरणाचं प्रमाणपत्र २७० दिवसांनी संपू लागलं. म्हणजे आज चालणारा कागद सहलीच्या तारखेला चालेलच असं नाही. आणि प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हे घरी बसून दुरुस्त करता येतं, काउंटरवर नाही.

नियम एका रात्रीत कसे बदलतात

२५ जुलै २०२० हा शनिवार होता. ब्रिटिश सरकारने त्या संध्याकाळी जाहीर केलं, की मध्यरात्रीपासून स्पेनहून येणाऱ्या सर्वांना १४ दिवस घरात राहावं लागेल. त्या वेळी ब्रिटनचे वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स स्वतः स्पेनमध्ये सुट्टीवर होते. नियम करणाऱ्या मंत्रिमंडळातल्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांनी आधी कळेल अशी आशा कशी धरावी?

पुढच्या वर्षी ब्रिटनने देशांची धोक्यानुसार हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी केली. १७ मे २०२१ ला पोर्तुगाल हिरव्या यादीत होता आणि लोकांनी भराभर तिकिटं काढली. ३ जूनला जाहीर झालं, की ८ जूनच्या पहाटे ४ पासून तो पिवळ्यात. परतल्यावर दहा दिवसांचं क्वारंटाइन चुकवण्यासाठी मिळेल त्या विमानाने परतण्याची धावपळ उडाली.

सगळ्यात बोलकी घटना २६ नोव्हेंबर २०२१ ची. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन या कोविडच्या नव्या रूपाची माहिती देऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. दक्षिण आफ्रिकेहून निघालेली दोन विमानं हवेत असतानाच नेदरलँड्सने बंदी लागू केली. शिफोल विमानतळावर उतरलेल्या सुमारे ६०० प्रवाशांना तासन्‌तास अडकवून ठेवलं, सगळ्यांची चाचणी केली, आणि त्यातले ६१ जण पॉझिटिव्ह निघाले.

'मग अशा बंदीचा उपयोग तरी काय?' हा आक्षेप रास्त आहे. याच नेदरलँड्समध्ये नंतर जुने नमुने तपासले, तेव्हा १९ नोव्हेंबरच्या एका नमुन्यात ओमिक्रॉन सापडला. बंदीच्या आठवडाभर आधीच तो तिथे होता. एकदा विषाणू आत शिरला, की सीमाबंदीने मिळतो तो थोडा वेळ. न्यूझीलंडसारख्या बेटाने फार लवकर आणि फार कडक बंदी घातली, तेव्हा तिचा खरा उपयोग झाला, आणि त्या वेळात लसीकरण उरकता आलं. पण सरकारला निर्णय अपुऱ्या माहितीवर, तासाभरात घ्यावा लागतो. त्यामुळे पुढच्या वेळीही बंदी अशीच अचानक येईल असं धरून चालावं.

तिकीट रद्द कोणी केलं, यावर पैसे ठरतात

कंपनीने विमान रद्द केलं, तर परतावा हा तुमचा हक्क असतो. युरोपीय संघाच्या नियमात सात दिवसांत पैसे परत द्यायचे असतात. भारतात टाळेबंदीतल्या तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी परताव्याचे आदेश दिले. पैसे बरेच उशिरा आले, पण हक्क स्पष्ट होता.

खरी अडचण वेगळीच आहे. विमान वेळेवर सुटतं, हॉटेल उघडं असतं, फक्त तुम्हाला जाता येत नाही. तुमच्या देशातून येणाऱ्यांना बंदी आहे, किंवा घरातल्या एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, किंवा परतल्यावरचे दहा दिवस क्वारंटाइन रजेत बसत नाहीत. कंपनीच्या दृष्टीने तिने सेवा दिली आणि तुम्ही आला नाहीत. कायदा इथे सहसा तुमच्या बाजूने नसतो. म्हणूनच अशा काळात घाईघाईने स्वतः तिकीट रद्द करू नये. बंदी लागली असेल तर कंपनी स्वतःच विमान रद्द करण्याची शक्यता असते. त्याआधी तुम्ही रद्द केलं, तर परताव्याचा हक्क जाऊ शकतो. रद्द करण्याची शेवटची तारीख कोणती आणि त्यात किती कापतात, एवढं पाहून तोपर्यंत थांबावं.

'सवलत कितीची आहे' हे न पाहता 'रद्द केलं तर किती परत मिळतात' हे पाहून आरक्षण करणं, हा एवढा एकच बदल सर्वांत जास्त पैसे वाचवतो. पैसे परत न मिळणारं स्वस्त हॉटेल महासाथीत सर्वांत महाग ठरू शकतं. आणि परताव्याऐवजी पुढच्या प्रवासासाठी जमा रक्कम देऊ केली, तर तिची मुदत आणि नियम वाचून मगच हो म्हणावं.

विमा हवाच, पण तो काय देतो हे वाचून. परदेशातल्या उपचारांचा खर्च देणारी पॉलिसी सहल रद्द झाल्याचे पैसे देईलच असं नाही, आणि क्वारंटाइनमधल्या हॉटेलचा खर्च अनेक पॉलिसींमध्ये बसत नाही. विमा हा अनपेक्षित घटनेसाठी असतो. साथ जगजाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत तीच साथ 'आधीच माहीत असलेली घटना' म्हणून वगळली जाऊ शकते. सरकारने जाऊ नका असं सांगितलेल्या देशात गेलात, तर बऱ्याच पॉलिसी लागूच होत नाहीत. कोणत्याही कारणाने रद्द करता येणारी पॉलिसी काही देशांत मिळते. तीही बहुधा खर्चाच्या निम्मे ते पाऊण पैसे देते, आणि पहिलं आरक्षण केल्यापासून थोड्याच दिवसांत घ्यावी लागते.

स्वतःच्या देशात तर येऊच देतील ना?

आंतरराष्ट्रीय कायदा सांगतो, की माणसाला स्वतःच्या देशात येण्यापासून मनमानीने रोखता येत नाही. पण 'येता येणं' आणि 'हव्या त्या दिवशी येता येणं' यात फार अंतर आहे. भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं बंद होती. मधल्या काळात विशेष विमानं आणि काही देशांशी केलेले 'एअर बबल' करार, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेली मर्यादित विमानं, यांवर भागवावं लागलं. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने काही दिवसांसाठी भारतात राहून आलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही प्रवेश गुन्हा ठरवला, पाच वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीसह. न्यूझीलंडला परतायचं तर सरकारी क्वारंटाइनमधली खोली आधी मिळवावी लागे. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यासाठी सोडतीसारखी पद्धत आली, तेव्हा जेमतेम तीन हजार खोल्यांसाठी तीस हजारांहून जास्त लोक रांगेत होते. ब्रिटनच्या लाल यादीतल्या देशातून परतणाऱ्याला फेब्रुवारी २०२१ पासून ठरवून दिलेल्या हॉटेलात राहावं लागे. खर्च सुरुवातीला माणशी १,७५० पौंड, स्वतःच्या खिशातून.

म्हणून सहलीचं गणित परतीच्या तारखेपासून उलटं मांडावं. परतल्यावर क्वारंटाइन लागलं तर नोकरी, शाळा, घरातली जबाबदारी यांत ते बसतं का? परतीची चाचणी तिथे कुठे होईल आणि ती पॉझिटिव्ह आली तर आणखी दहा-बारा दिवस राहायचं कुठे? तेवढ्या दिवसांची औषधं जवळ आहेत का, व्हिसाची मुदत पुरते का? ही उत्तरं मिळाली, तर मग जाण्याची तारीख, आणि अगदी शेवटी ठिकाण. इतके दिवस अडकणं परवडत नसेल, तर तिकीट कितीही स्वस्त असलं तरी ती सहल परवडत नाही.

घरात रोगप्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल, तर हा हिशेब त्या माणसापासून सुरू व्हावा. आणि ज्या छोट्या बेटावर किंवा गावात आपण जाणार, तिथल्या रुग्णालयात खाटा मोजक्या असतात, हेही त्याच हिशेबात धरावं. त्या खाटांवर पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे.

नियम तपासायचे ते ज्या देशात जायचं त्याच्या सरकारी संकेतस्थळावर आणि विमान कंपनीकडे: आरक्षणाआधी, फुकट रद्द करण्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, चाचणीचा नमुना देण्याआधी आणि निघायच्या दिवशी सकाळी. परतीच्या आधी हे सगळं पुन्हा एकदा, या वेळी स्वतःच्या देशाच्या संकेतस्थळावर.